मॉड लावलेलं स्कायरिम: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

स्कायरिम हा रोलप्लेइंग गेम २०११ साली आला आणि त्यासाठी आजही नवे मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल आणि भर) येतच आहेत. नवा माणूस उत्साहात एका बैठकीत साठ-सत्तर मॉड उतरवतो, सगळे एकदम चालू करतो आणि गेम मुख्य मेनूपर्यंतही पोचत नाही. यात दोष बहुतेक वेळा एखाद्या मॉडचा नसतो. गेमची आवृत्ती कुठली, फाइल कुठे ठेवली आणि दोन मॉड एकाच गोष्टीला हात लावत असतील तर कोणाचं चालणार, या तीन गोष्टी आधी ठरलेल्या नसतात. खालचा क्रम या तिन्हींचा बंदोबस्त करत पुढे जातो. तो विंडोज पीसीवरच्या स्टीम आवृत्तीसाठी आहे.

१. आपल्याकडे कुठलं स्कायरिम आहे ते बघा

मूळ २०११ चा गेम ३२-बिट होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेली स्पेशल एडिशन ६४-बिट आहे आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने हीच घ्यावी. जुन्या गेमचे मॉड तसेच्या तसे इथे टाकायचे नाहीत. विशेषतः .डीएलएल (गेममध्ये थेट जोडला जाणारा कोड) असलेले मॉड आणि जुन्या पद्धतीची अ‍ॅनिमेशन्स गेम पाडतातच.

खरा गोंधळ 'अ‍ॅनिव्हर्सरी' या नावाने होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पेशल एडिशनलाच मोठा अपडेट आला आणि गेमची आवृत्ती १.५.९७ वरून १.६ च्या मालिकेत गेली. त्याच वेळी 'अ‍ॅनिव्हर्सरी अपग्रेड' नावाचा वेगळा, विकतचा आशयही आला. मॉडच्या पानावर 'एई (अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन) साठी' असं लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ १.६ मालिकेतला गेम एवढाच असतो. विकतचा अपग्रेड नसला तरी तो मॉड चालतो.

आपली आवृत्ती बघायला गेमच्या फोल्डरमध्ये स्कायरिमएसई या .ईएक्सई फाइलवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा आणि डिटेल्समध्ये 'फाइल व्हर्जन' बघा. जानेवारी २०२४ मध्ये आलेली १.६.११७० असेल तर तिच्यावरच राहा. जुन्या मार्गदर्शकांमध्ये १.५.९७ वर परत जायला सांगतात. काही जुने मॉड तिथेच चालतात हे खरं, पण नवख्याने त्या भानगडीत पडू नये. महत्त्वाचे बहुतेक मॉड आता १.६ वर उपलब्ध आहेत.

आवृत्ती ठरली की ती गोठवा. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेटचा पर्याय 'गेम सुरू करताना अपडेट करा' असा ठेवा आणि त्यानंतर, पायरी २ मधली एक वेळ सोडली तर, गेम स्टीमच्या प्ले बटणावरून सुरू करू नका. डिसेंबर २०२३ च्या अपडेटने एका रात्रीत असंख्य लोकांचे चालू सेटअप बंद पाडले होते. ज्यांनी ही सोय केली होती ते खेळत राहिले.

२. जागा तयार करा

गेम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये असेल तर तिथून हलवा. विंडोज त्या फोल्डरमधल्या फाइलींवर जादा बंधनं घालतं, त्यामुळे टूल्सना तिथे नीट लिहिता येत नाही. स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमध्ये दुसऱ्या ड्राइव्हवर लायब्ररी तयार करून गेम तिकडे नेता येतो. ड्राइव्ह एसएसडीच हवा. हार्ड डिस्कवर मोठा टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) पॅक लावला की दारातून आत जाताना गेम अडखळतो.

'डॉक्युमेंट्स' फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेला आहे का तेही बघून घ्या. सेव्ह आणि आयएनआय (सेटिंगच्या) फाइली तिथल्या 'माय गेम्स'मध्ये असतात. गेम लिहीत असताना वनड्राइव्हने तीच फाइल वर पाठवायला घेतली तर सेव्ह अर्धवट राहू शकतो. हा फोल्डर जोडणीतून काढून टाका.

विंडोजची पेज फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची ड्राइव्हवरची जागा) किमान २० जीबी ठेवा. मेमरी भरपूर असली तरी ही पायरी गाळू नका, कारण भारी सेटअपमध्ये पेज फाइल छोटी असल्यामुळे होणारे क्रॅश कुठल्याही मॉडच्या नावावर दिसत नाहीत आणि शोधता शोधता जीव जातो. सोबत मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल, ६४-बिटचं, बसवून घ्या.

आता गेम एकदा स्टीमवरूनच सुरू करा. लाँचर ग्राफिक्स ओळखेल, आयएनआय फाइली तयार होतील. मुख्य मेनूपर्यंत जा आणि मोफत मिळणाऱ्या चार क्रिएशन्स (फिशिंग, सर्व्हायव्हल मोड, सेंट्स अँड सेड्युसर्स आणि रेअर क्युरिओज) उतरल्या आहेत याची खात्री करा. पुढे लागणारा अनऑफिशियल पॅच (गेममधल्या चुका दुरुस्त करणारा मॉड) या चार फाइली मागतो.

३. मॉड ऑर्गनायझर

मॉड बसवायला आणि सांभाळायला एक व्यवस्थापक टूल लागतं. व्होर्टेक्सही चांगलं आहे, पण भारी सेटअपसाठी मॉड ऑर्गनायझर २ घ्या. कारण सरळ आहे: ते गेमच्या डेटा फोल्डरमध्ये काहीही टाकत नाही. प्रत्येक मॉड स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतो आणि गेम सुरू होताना सगळे मॉड एकत्र असल्याचा देखावा गेमसमोर उभा केला जातो. मॉडवरची खूण काढली की तो गेला, मूळ गेम जसाच्या तसा.

ते 'मॉडिंग' अशा छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये, गेमच्या फोल्डरबाहेर बसवा. याचे दोन परिणाम कायम लक्षात ठेवायचे. गेम मॉड ऑर्गनायझरमधूनच सुरू करायचा, नाहीतर एकही मॉड दिसणार नाही. आणि एसएसईएडिट (मॉडमधल्या नोंदी बघायला), बॉडीस्लाइड (शरीर-कपड्यांच्या आकारांसाठी), डिनडोलॉड (दूरच्या दृश्यासाठी) अशी सगळी टूल्सही त्यातूनच चालवायची, नाहीतर त्यांना रिकामं स्कायरिम दिसतं.

एखादं टूल नवीन फाइल तयार करतं तेव्हा ती डाव्या यादीच्या तळाशी 'ओव्हरराइट'मध्ये जाऊन पडते. तिथे काही साचू देऊ नका. राइट क्लिक करून त्याचा वेगळा मॉड बनवा, ओळखू येईल असं नाव द्या.

४. पाया

पहिलं एसकेएसई. गेमला नव्या क्षमता देणारा हा विस्तारक आहे आणि बरेच चांगले मॉड त्याच्यावर उभे आहेत. त्याची आवृत्ती गेमच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळली पाहिजे: गेम १.६.११७० साठी एसकेएसई २.२.६, १.६.६४० साठी २.२.३, १.५.९७ साठी २.०.२०. जीओजीवरच्या गेमसाठी वेगळी प्रत असते. एपिक आणि गेम पासच्या प्रतींवर एसकेएसई चालत नाही.

लोडरची .ईएक्सई आणि तिच्यासोबतची .डीएलएल ही जोडी थेट गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये टाका. आतलं 'डेटा' फोल्डर मात्र मॉड ऑर्गनायझरमध्ये एक मॉड म्हणून बसवा. मग उजवीकडच्या ड्रॉपडाउनमधून एसकेएसई निवडून गेम चालवा. मेनूत टॅबच्या वरच्या कळीने कन्सोल उघडा आणि 'गेट एसकेएसई व्हर्जन' ही आज्ञा एका शब्दात, जागा न सोडता टाइप करा. आकडा आला म्हणजे पाया बसला. नाही आला तर पुढे जाऊ नका.

त्यानंतर अ‍ॅड्रेस लायब्ररी, जिच्यावर एसकेएसईचे बरेच मॉड अवलंबून असतात. हिच्या दोन फाइली असतात, एक १.५ साठी आणि एक १.६ साठी; आपली तीच घ्यायची. मग गेमच्या इंजिनमधल्या चुका सुधारणारं एसएसई इंजिन फिक्सेस. याचे दोन भाग आहेत आणि लोक नेमका दुसरा विसरतात. पहिला मॉड ऑर्गनायझरमधून बसतो, दुसरा हाताने गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये टाकावा लागतो. शिवाय अनऑफिशियल स्कायरिम स्पेशल एडिशन पॅच, मेनू सुधारणारं स्काययूआय आणि गेम का बंद पडला याची नोंद ठेवणारा एक क्रॅश लॉगर. शेवटचा आज बिनकामाचा वाटेल, पण पहिल्या क्रॅशच्या दिवशी तोच उपयोगी पडतो.

गेमचा वेग ६० फ्रेम्सच्या वर जाऊ देऊ नका. स्कायरिमचं भौतिकशास्त्र फ्रेम रेटला बांधलेलं आहे, त्यामुळे वेग वाढला की टेबलावरची भांडी आपोआप उडतात आणि सुरुवातीची घोडागाडी हवेत गिरक्या घेते. जास्त फ्रेम्स हव्याच असतील तर एसएसई डिस्प्ले ट्वीक्स लावा, ते भौतिकशास्त्राचं गणित सांभाळून घेतं.

५. दोन याद्या, दोन क्रम

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे मात्र नीट समजून घ्या.

मॉड ऑर्गनायझरमध्ये डावीकडे मॉडची यादी असते आणि उजवीकडे प्लगइनची. डावी यादी फाइलींसाठी: टेक्स्चर, मेश (वस्तूचा त्रिमितीय आकार), आवाज, स्क्रिप्ट. दोन मॉडमध्ये एकाच नावाची, एकाच जागेची फाइल असेल तर यादीत जो खाली त्याची फाइल चालते. मॉडच्या ओळीतली विजेची खूण हिरव्या अधिकच्या चिन्हासह असेल तर तो दुसऱ्यावर चढलाय, लाल उण्यासह असेल तर त्याच्यावर कोणीतरी चढलंय. उजवी यादी नोंदींसाठी: तलवारीचं वजन, माणसाचं नाक, गुहेतला दिवा. हे सगळं ईएसएम, ईएसपी आणि ईएसएल फाइलींत, म्हणजेच प्लगइनमध्ये, लिहिलेलं असतं आणि इथेही खालचा चालतो. पण हा क्रम डाव्या क्रमापासून पूर्ण स्वतंत्र आहे. उजवीकडे 'सॉर्ट' दाबलं की लूट हे टूल प्लगइन लावून देतं. त्याने डाव्या यादीतलं काहीच हलत नाही.

याचा परिणाम काय होतो ते लिडियाच्या (गेममधली एक साथीदार) चेहऱ्यावर बघा. समजा, चेहरे सुधारणारे दोन मॉड तुम्ही लावले आणि दोघांनीही लिडिया बदलली. उजवीकडे दुसरा मॉड खाली आहे, म्हणून तिच्या नाकाडोळ्यांची नोंद दुसऱ्याची. डावीकडे पहिला मॉड खाली आहे, म्हणून चेहऱ्याची तयार मेश पहिल्याची. गेमला दोन्ही जुळत नाहीत आणि लिडिया व्हाइटरन शहरात राखाडी, काळपट चेहऱ्याने उभी राहते. अंग नॉर्मल, मानेपासून वर काळं.

दुरुस्ती अशी. एसएसईएडिट उघडा, सगळे प्लगइन लोड होऊ द्या आणि डाव्या बाजूच्या फॉर्म आयडीच्या रकान्यात ०००ए२सी८ई शोधा (आयडी अर्थातच रोमन अक्षरांत टाकायचा). ती लिडियाची नोंद आहे. उजवीकडे प्रत्येक प्लगइनचा एक स्तंभ दिसेल आणि सर्वांत उजवीकडचा स्तंभ ज्याचा, त्याचं चालतंय. आता मॉड ऑर्गनायझरच्या उजव्या भागातल्या 'डेटा' टॅबमध्ये मेशेस, अ‍ॅक्टर्स, कॅरेक्टर, फेसजेनडेटा, फेसजिओम, स्कायरिम.ईएसएम असं आत जा. तिथे याच आकड्याची .एनआयएफ फाइल कुठल्या मॉडची आहे ते शेजारीच लिहिलेलं असतं. दोन्हीकडे एकच मॉड दिसेपर्यंत डावा क्रम बदला. टेक्स्चर्सच्या बाजूला 'फेसटिंट' फोल्डरमध्येही याच आकड्याची फाइल असते, तीही त्याच मॉडची हवी. हे एकदा स्वतःच्या हाताने केलंत की बाकीची अर्धी गडबड तुम्हाला आपोआप वाचता येईल.

पूर्ण प्लगइनची मर्यादा २५४ आहे. ईएसएल किंवा 'लाइट' खूण असलेले प्लगइन वेगळे मोजले जातात आणि ते ४,०९६ पर्यंत चालतात. उजव्या यादीच्या वरच्या आकड्यावर माउस नेला की दोन्हींची फोड दिसते. जागा वाचवायला एखाद्या ईएसपीला स्वतःहून लाइट खूण लावायची असेल तर नवीन गेमच्या आधी लावा. चालू सेव्हमध्ये लावलीत तर त्या मॉडच्या सगळ्या वस्तूंचे आयडी बदलतात आणि सेव्हला त्या सापडत नाहीत.

६. मॉड कुठल्या ओळीने लावायचे

ढोबळ क्रम असा: पाया आणि इंटरफेस, मेशची दुरुस्ती (एसएमआयएम), टेक्स्चर्स, झाडं आणि गवत, हवामान व प्रकाश, शहरं, माणसं, अ‍ॅनिमेशन्स, लढाई आणि जादू, नवीन क्वेस्ट, सर्वांत शेवटी दूरचं दृश्य. प्रत्येक टप्प्यावर पाच-सहा मॉड लावा आणि गेम चालवून बघा. एकदम पन्नास लावून काहीतरी बिघडलं तर गुन्हेगार पन्नासातला कोणीही असू शकतो.

हवामानाचा एकच मॉड. घरातल्या प्रकाशाचा एकच. पर्क वृक्ष (पात्राच्या कौशल्यांची झाडं) बदलणारा एकच, ऑर्डिनेटर घ्या किंवा वोक्री घ्या. अ‍ॅनिमेशनसाठी पात्रांचा सांगाडा बदलणारा एकच, एक्सपीएमएसएसई. एकाच कामाचे दोन मॉड लावल्याने दुप्पट मजा येत नाही, दोघांच्या अर्धवट नोंदी मिसळतात.

प्रत्येक मॉडच्या पानावर 'रिक्वायरमेंट्स' उघडून वाचा. त्यात लिहिलेलं एखादं आवश्यक प्लगइन नसेल तर गेम मेनूआधीच बंद पडतो. त्याला 'मिसिंग मास्टर' म्हणतात आणि मॉड ऑर्गनायझर उजव्या यादीत त्या प्लगइनपुढे इशाऱ्याची खूण दाखवतं. बसवताना पर्यायांची खिडकी येते तिथे घाईने 'नेक्स्ट' दाबू नका. तुमच्याकडे कुठले इतर मॉड आहेत त्यानुसार पॅच तिथेच निवडायचे असतात. पुढे नवीन शहर-मॉड आणलात तर जुना मॉड पुन्हा बसवून तिथे त्या शहराच्या पॅचवर खूण करा. हे न केल्यामुळेच नव्या घराच्या भिंतीतून झाड उगवतं आणि माणसं दगडात चालत राहतात.

टेक्स्चरबद्दल थोडं गणित. बीसी७ पद्धतीने दाबलेल्या टेक्स्चरला एका पिक्सेलमागे एक बाइट लागतो. ४के म्हणजे ४,०९६ गुणिले ४,०९६, म्हणजे १६ एमबी, आणि दुरून दिसणाऱ्या छोट्या प्रती धरून साधारण २१ एमबी. प्रत्येक वस्तूला रंगाचं आणि उंचवट्यांचं अशी किमान दोन टेक्स्चर्स, म्हणजे ४२ एमबीच्या वर. २के मध्ये हेच १०-११ एमबी होतं. ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डवर सगळं ४के लावलं तर रिफ्टेन शहराच्या बाजारात पोचेपर्यंत मेमरी संपते आणि गेम झटके खातो. डोंगर, जमीन आणि स्वतःचं चिलखत ४के ठेवा, भिंती-घरं २के, चमचे-वाट्या १के. खेळताना हा फरक जाणवत नाही.

अ‍ॅनिमेशनचे मॉड लावल्यावर नेमेसिस किंवा पँडोरा यांपैकी एक टूल चालवावं लागतं, आणि अ‍ॅनिमेशनचा मॉड आला-गेला की पुन्हा. विसरलात तर पात्रं दोन्ही हात आडवे पसरून सरकत फिरतात.

दूरचं दृश्य अगदी शेवटी: आधी एक्सलॉडजेनने जमीन, मग टेक्सजेन, मग डिनडोलॉड. प्रत्येकाचं आउटपुट गेम आणि मॉड ऑर्गनायझर या दोन्हींच्या बाहेर एका रिकाम्या फोल्डरमध्ये घ्या आणि नंतर मॉड म्हणून आणा. झाडांचा किंवा जमिनीचा मॉड बदलला की ही पायरी पुन्हा करावी लागते, म्हणून यादी पक्की होईपर्यंत हिला हात लावू नका.

७. चाचणी आणि बिघाड

चाचणीसाठी दर वेळी हेल्गेनची (गेमच्या सुरुवातीची) गाडी बघत बसायची गरज नाही. मुख्य मेनूत कन्सोल उघडून सी, ओ, सी ही तीन अक्षरं, एक जागा आणि रिव्हरवूड असं टाइप केलं की थेट गावात उतरता. असा सुरू केलेला गेम फक्त तपासणीपुरता वापरा. त्यात मुख्य क्वेस्ट नीट सुरू झालेली नसते.

काय दिसतंय त्यावरून रोग ओळखता येतो. जांभळी वस्तू म्हणजे टेक्स्चर नाही. लाल त्रिकोणातलं उद्गारचिन्ह म्हणजे मेश नाही. मेनूआधीच बंद म्हणजे मिसिंग मास्टर, किंवा चुकीच्या आवृत्तीची एखादी .डीएलएल. एकाच जागी जाताना दर वेळी बंद म्हणजे त्या जागेला हात लावणारा मॉड. कुठेही, कधीही बंद पडत असेल तर आधी पेज फाइल आणि ग्राफिक्सची मेमरी बघा.

क्रॅश लॉग डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरात, एसकेएसई नावाच्या उपफोल्डरात मिळतो. वरच्या काही ओळींत एखाद्या .डीएलएलचं, .एनआयएफचं किंवा ईएसपीचं नाव वारंवार येत असेल तर तिथून सुरुवात करा. एकाच लॉगवरून निकाल देऊ नका, दोन-तीन लॉगमध्ये तेच नाव आलं की मगच संशय धरा. लॉगमधून काही कळलं नाही तर निम्मे मॉड बंद करून बघा, मग उरलेल्यातले निम्मे. शंभर मॉडमधला एक अशा सात फेऱ्यांत सापडतो. मात्र हे खेळण्याच्या सेव्हवर करायचं नाही, मॉड ऑर्गनायझरमध्ये वेगळं प्रोफाइल काढून नव्या गेमवर करायचं.

८. खेळायला सुरुवात

नवीन गेम सुरू झाल्यावर पहिल्या खोलीतच दोन-तीन मिनिटं थांबा. डाव्या कोपऱ्यात मॉड सुरू झाल्याचे संदेश येत राहतात; ते थांबले की सेव्ह करा आणि मगच मॉड कॉन्फिगरेशन मेनूतल्या सेटिंग्ज बदला. आधीच घुसलात तर अर्धे मेनू दिसतच नाहीत. भारी सेटअपमध्ये घोडागाडीची सुरुवात वारंवार बिघडते, म्हणून अल्टरनेट स्टार्टचा एखादा मॉड घेतलेला बरा.

ऑटोसेव्ह बंद करा. दारातून जाताना स्क्रिप्टांची सर्वांत जास्त धावपळ चालू असते आणि ऑटोसेव्ह नेमका तेव्हाच लिहिला जातो. लढाई नसताना, शांत जागी, मेनूतून नवीन सेव्ह करा. जुना पुसून त्याच्यावर लिहू नका. मेल्यावर लगेच लोड करण्याऐवजी मेनूत जाऊन लोड केलं तर आणखी चांगलं.

आणि चालू खेळात यादी बदलायची नाही. स्क्रिप्ट असलेला मॉड काढला तरी त्याच्या स्क्रिप्टा सेव्हमध्ये राहतात आणि नसलेल्या वस्तू शोधत बसतात. त्याचा त्रास कधी कधी वीस तासांनी दिसतो, तोपर्यंत मागचा चांगला सेव्ह उरलेला नसतो. ज्यात प्लगइनही नाही आणि स्क्रिप्टही नाही, नुसती टेक्स्चर्स किंवा मेश आहेत, असा मॉड केव्हाही घाला-काढा. नवीन क्वेस्टचा मॉड मध्येच घालता येतो, पण त्याच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच, आणि आधी वेगळा सेव्ह करून. शहर बदलणारा, पर्क बदलणारा किंवा लढाई बदलणारा मॉड आवडला तर तो पुढच्या पात्रासाठी राखून ठेवा.